आपोलिनबायचा शब्द

पाडुबेट्टूत दोन गोष्टींवर लोक घड्याळ लावत: चर्चची घंटा आणि आपोलिनबाय क्वाद्रसने दिलेला शब्द. साडेदहाला एजंटाकडे मोगऱ्याचे चार चेंडू पोचतील असं ती म्हणाली की साडेदहाला पोचत. मग पाऊस असो, ताप असो की बारसं असो. एका चेंडूत आठशे कळ्या. पहाटे सूर्य वर यायच्या आत खुडायच्या, पडवीत सुपात ओतायच्या आणि केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यात गुंफत जायचं. आपोलिनबाय कळ्या मोजत नसे. बोटं मोजत. तोंड तेवढ्या वेळात दुसऱ्या कामाला मोकळं असे, आणि ते काम ते चोख करी. गावात कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, चर्चचे नवे मुख्य पाद्री, विगार फादर, प्रवचन किती लांबवतात, या सगळ्यावर तिचं मत तयार असे आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यामुळे तिचा स्वतःवरचा विश्वास वाढतच गेला.

नवरा मार्सेल मुंबईत भायखळ्याच्या एका बेकरीत पाव भाजायचा. वर्षातून एकदा मे महिन्यात यायचा, अंगाला पिठाचा वास घेऊन. तीन मुलं: थोरली जुलियाना, मग हेराल्ड, आणि त्यानंतर सहा वर्षांनी लॅन्सी.

लॅन्सी चार वर्षांचा असताना त्याला ताप भरला. तीन दिवस उतरला नाही आणि चौथ्या दिवशी मेंदूपर्यंत गेला. उडुपीच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. जुलियानाला भावापाशी बसवून आपोलिनबाय भर दुपारी जवळच्या चर्चमध्ये गेली. आत कुणी नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली आणि एजंटाशी बोलावं तसं स्पष्ट बोलली: हा वाचला तर तुझा. मोठा झाला की तुझ्या वेदीवर उभा करीन, पाद्री करीन. शब्द दिला.

लॅन्सी वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेज मागितली.

तिने हे सगळं मार्सेलला कळवलं. त्याचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. मुलगा बरा झाला हे वाचून बेकरीत सगळ्यांना बनपाव वाटले, असं लिहून खाली त्याने विचारलं होतं, दोघांनी मिळून केलेलं पोर तू एकटीने कसं देऊन टाकलंस? आपोलिनबायने त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं, तू इथे नव्हतास, देव होता.

त्यानंतर तीन वर्षांनी मार्सेल कावीळ होऊन तिकडेच गेला. मागे उरली तीन मुलं, मोगऱ्याची ऐंशी झाडं आणि भातशेतीचा एक तुकडा. आपोलिनबाय चाळीस दिवस काळं नेसली आणि त्या चाळीस दिवसांतही एजंटाकडे फुलं साडेदहालाच पोचली.

लॅन्सी देवाचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. हेराल्ड नारळाच्या झाडावर चढायचा, लॅन्सीला चढायची बंदी. मासळीचा मधला तुकडा लॅन्सीच्या ताटात. हेराल्ड म्हणायचा, देवाचं जनावर आहे, चारा चांगला लागतो. त्यावर त्याला एक धपाटा मिळायचा. लॅन्सी स्वतः काही म्हणत नसे. शांत, ऐकणारा पोरगा. वेदीवर फादरांच्या शेजारी उभं राहून घंटी वाजवायचा, लॅटिनमधली जुनी गाणी न अडखळता म्हणायचा. दहावीनंतर त्याला मंगळूरच्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, घातलं तेव्हा तो रडला नाही. आपोलिनबायने ती देवाची खूण मानली.

मग तिचा मान वाढला. मुलगा पाद्री व्हायला आठ-नऊ वर्षं होती, पण आई आधीच फादरची आई झाली. चर्चमध्ये पुढचा डावीकडचा बाक तिचा असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी तिथे दुसरं कुणी बसत नसे. बायका तिला सांगायच्या, आमच्या सुनेसाठी प्रार्थना कर, तुझं ऐकलं जातं. ती करायचीही. आपलं ऐकलं जातं याबद्दल तिला शंका नव्हती. पुरावा मंगळूरला धर्मशास्त्र शिकत होता.

जुलियानाचं लग्न होऊन ती कार्कळला गेली. हेराल्ड बहारीनला गेला आणि दोन वर्षांनी घरावर नवी कौलं चढली. दोघं गेली त्याचं आपोलिनबायला फारसं वाटलं नाही. मुलं जायचीच. लॅन्सी तर तिच्या हिशेबी गेलाच नव्हता. त्याला तिने ठेवला होता, आणि कुठे ठेवला ते तिला माहीत होतं.

शहाण्णव साली, नव्या भाताच्या मोंती सणाला बारा दिवस असताना, लॅन्सी दुपारच्या बसने घरी आला. ती पडवीत दुसऱ्या दिवसाचा केळीचा दोरा सोलत बसली होती. सेमिनरीची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या लोखंडी ट्रंकेकडे. ही ट्रंक आठ वर्षांपूर्वी तिनेच भरून दिली होती आणि सुट्टीत ती कधी घरी येत नसे.

 आत जाऊन तिने पेज वाढली, मिठातल्या कैरीची चटणी केली, सुका बांगडा भाजला. तो जेवला. ती समोर बसून राहिली. ताट धुऊन ठेवून तो परत आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"माय, मी परत जाणार नाही," तो म्हणाला.

"कोण मुलगी आहे?"

"मुलगी नाही."

"असती तर बरं झालं असतं. मला समजलं असतं." तिने दोरा बाजूला ठेवला. "कुणी काही बोललं? मारलं? जेवायला देत नाहीत?"

तिथे सगळं चांगलं आहे, सगळे चांगले आहेत, असं तो सांगत राहिला. शेवटी तिने हात वर करून त्याला थांबवलं. चांगलं आहे तर मग दुखतंय काय, हे एका वाक्यात सांग म्हणाली.

त्याला एका वाक्यात जमलं नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याला एका इस्पितळात आजाऱ्यांसोबत प्रार्थना करायला पाठवलं होतं. एक म्हातारा होता, शेवटचे दिवस मोजणारा. लॅन्सीने त्याचा हात धरला आणि प्रार्थना म्हटली. सगळे शब्द बरोबर आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लॅन्सीला मात्र वाटलं की आपण बाजूला उभं राहून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतो आहोत.

"माझ्या तोंडून तुझा आवाज येतो, माय," तो म्हणाला. "लहानपणापासून येतो. मला वाटायचं मोठा झालो की बदलेल. आता पुढच्या वर्षी शपथ घ्यायची. देवासमोर तुझ्या आवाजात शपथ कशी घेऊ?"

आपोलिनबायला राग आला. दुःख वगैरे पुढे झालं. आधी आला तो सरळ, गरम, डोक्यात जाणारा राग. ती उठली. "मी शब्द दिलाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि विहिरीवर पाणी काढायला गेली, घरात दोन हंडे भरलेले असताना.

दुसऱ्या दिवशी फुलं एजंटाकडे देऊन तिने तिथूनच मंगळूरची बस पकडली. लॅन्सीला सांगितलं नाही. पिशवीत दोन चेंडू वेगळे ठेवले होते, सेमिनरीतल्या मारियेमायच्या, येशूच्या आईच्या, पुतळ्यासाठी. रिकाम्या हाताने भांडायला जाणं तिला बरं वाटत नसे.

सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर फादर, साठीचे होते, बारीक, पांढऱ्या केसांचे. त्यांनी फुलं घेतली, वास घेतला, तिला चहा मागवला आणि ती बोलायची वाट पाहू लागले. ती बोलली. पोराला परत बोलावून घ्या, चार शब्द सुनावा, एक वर्ष राहिलंय, आता असं करून कसं चालेल, असं सगळं ती एका दमात बोलली. तो तुमचं ऐकेल, तो कुणाचंही ऐकतो, असंही म्हणाली.

"तेच तर," फादर म्हणाले. लॅन्सी त्यांच्याकडे याआधी दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्यांनी त्याला समजावून परत पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा तो मुकाट परत वर्गात जाऊन बसला होता. "आठ वर्षं मी समजत होतो की हा मुलगा देवाची आज्ञा पाळतोय. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला नीट विचारलं. आपोलिनबाय, तो तुमची आज्ञा पाळत होता."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "आणि माझ्या नवसाचं काय? मी देवाला शब्द दिलाय. तो कुणी मोडायचा?"

"चार वर्षांच्या पोराच्या वतीने केलेला नवस त्या पोराला बांधत नाही. तुम्हाला तो बांधतोय असं वाटत असेल तर तुम्ही या. आमच्या स्वयंपाकघरात बाई हवीच आहे."

एवढ्या रागातही आपोलिनबायला हसू फुटलं. "मी आले तर तुमचा आचारी संन्यास घेईल," ती म्हणाली. मग हसू ओसरलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली मैदानात काळ्या झग्यातली मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. त्यांच्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा होता. फादरांनी तिला घाई केली नाही. जाताना एवढंच म्हणाले, की तुम्ही मुलगा देवाला दिलात हे खरं, पण त्याचं काय करायचं हेही देवाला लिहून दिलंत. हे दुसरं काम तुमचं नव्हतं.

बसमध्ये तिने या वाक्याशी मुल्कीपर्यंत भांडण केलं. मुल्कीचा पूल ओलांडल्यावर ती दमली. तिला आठवलं, त्या दुपारी उडुपीच्या चर्चमध्ये ती देवाशी कशी बोलली होती. घाबरलेली आई बोलते तसं नव्हे, सौदा करणारी बाई बोलते तसं. घाबरली तर ती होतीच. पण घाबरणं तिला जमत नसे, म्हणून तिने सौदा केला होता.

गावात बातमी तिच्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची फेल्सीबाय केळ्यांचा फणा घेऊन आली, चेहरा अगदी प्रेतयात्रेला निघाल्यासारखा. मागोमाग आणखी दोघी. आपोलिनबाय पडवीतच उभी होती.

"फेल्सी, चेहरा बदलून ये," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी वारलेलं नाही. केळी ठेव, ती चालतील."

फेल्सीबाय चाचरत म्हणाली, की वाईट वाटलं म्हणून आलो, इतकी वर्षं तू एवढी आशा लावून होतीस. आपोलिनबायने तिघींना बसवलं, चहा दिला, आणि लॅन्सीला आतून हाक मारून बाहेर बोलावलं. तो बनियनवर, हातात पंपाचा एक भाग आणि बोटं ग्रीसने काळी. विहिरीवरचा पंप गेले सहा महिने खोकत होता तो त्याने सकाळीच उघडला होता. "हा बघा," ती म्हणाली. "हात आहेत, पाय आहेत, डोकंही आहे. आता चहा प्या आणि घरोघर सांगा." तिघी चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर आपोलिनबाय स्वयंपाकघरात जाऊन मिरच्यांचा डबा उघडून उभी राहिली, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळेल.

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी दिवे लागल्यावर दोघं तेर्सला बसली. क्वाद्रसांच्या घरात रोजरीची माळ कधी चुकत नसे. सोमवारी आणि गुरुवारी आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माचे-बालपणाचे पाच प्रसंग. पहिली चार झाली. पाचवं सांगायची पाळी आपोलिनबायची: बारा वर्षांचा येशू हरवला आणि आईला तीन दिवसांनी मंदिरात सापडला.

हे तिने हजारदा म्हटलं होतं. मंदिरात सापडला, हाच त्यातला आनंद असं ती धरून चालली होती. पोर योग्य जागी सापडलं. त्या संध्याकाळी रहस्याचं नाव उच्चारल्यावर तिच्या मनात मधले तीन दिवस आले. आई शोधत होती ती नातेवाइकांत, ओळखीच्यांत, वाटेवरच्या माणसांत. आपल्या मते पोर जिथे असायला हवं तिथे तिथे. तिथे ते नव्हतं. आणि सापडल्यावर पोर म्हणालं, मला शोधत का होतीस? ती तर मारियेमाय. तिलाही ते कळलं नाही. ते तिने मनात ठेवून दिलं.

मारियेमायला तिचं पोर मंदिरात सापडलं, आणि आपल्याला आपलं मंदिराच्या बाहेर शोधायचं आहे, एवढाच फरक.  माळ आपोलिनबायच्या हातात तशीच राहिली.

लॅन्सीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पुढची प्रार्थना उचलली आणि एकटाच म्हणू लागला. घसा बसलेला, थोडा बेसूर. एका जागी शब्द विसरला, परत मागे गेला, पुन्हा म्हटला. आपोलिनबाय डोळे मिटून ऐकत होती. त्या आवाजात तिचं काही नव्हतं. मार्सेलचं थोडं असावं. बाकी त्याचं होतं.

तेर्स संपल्यावर घरातल्या धाकट्याने मोठ्यांपुढे हात जोडून बेसांव मागायचा, आशीर्वाद. लॅन्सीने मागितला. वीस वर्षं ती या वेळी एकच वाक्य म्हणत आली होती, देव तुला त्याचा पाद्री करो. आता हात त्याच्या डोक्यावर गेला आणि ते वाक्य तिने सोडून दिलं.

"देव तुला बघून घेवो," ती म्हणाली.

लॅन्सीने मान वर केली. "म्हणजे? आशीर्वाद आहे की धमकी?"

"त्याचं तो ठरवील. उठ, भात गार होतोय."

रविवारी ती पुढच्या डाव्या बाकावर जाऊन बसली आणि लॅन्सीला शेजारी बसवलं. मागे कुजबूज झाली ती तिने ऐकली. हा बाक मुलाने मिळवून दिला नव्हता, आपल्या गुडघ्यांनी दिला होता, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं. मोंती सणाला शेतातली नवी कणसं आशीर्वाद घेऊन घरी आली, दाणे कुटून दुधात घातले, केळीच्या पानांवर भाज्या वाढल्या. जुलियाना मुलांना घेऊन आली होती. एरवी या जेवणाआधीची प्रार्थना लॅन्सीने म्हणायची पद्धत पडली होती. सगळ्यांनी सवयीने त्याच्याकडे पाहिलं. आपोलिनबायने स्वतःच म्हटली, आणि चटकन उरकली, कारण नातवंडं भुकेली होती.

इथे गोष्ट संपली असती, पण आपोलिनबाय ती आपोलिनबाय. नोव्हेंबरपर्यंत तिने लॅन्सीचं आयुष्य नव्याने मांडून ठेवलं होतं. पंपाचं काम त्याच्या हाताला चांगलं येत होतं; सेमिनरीतही तोच पंप, पंखे, चर्चचा भोंगा दुरुस्त करायचा. तर जवळच्या शंकरपुरच्या नाक्यावर दुकान काढायचं. नाक्यावरच्या लोबोंची एक खोली रिकामी होणार होती. तिने लोबोंशी बोलून ठेवलं. दुकानाचं नाव ठरवलं. फेल्सीबायची एक भाची होती, शिवणकाम जाणणारी, सरळ नाकाची. तिच्या आईशीही तिने सहज म्हणून बोलून घेतलं. लॅन्सी ऐकायचा, हं म्हणायचा. तो कुणाचंही ऐकायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळी फुलं गुंफत होती तेव्हा तो शेजारी येऊन बसला. घाटापलीकडे हासनला कॉफीच्या मळ्यांवर पंप बसवणारा एक मिस्त्री आहे, तो म्हणाला. सेमिनरीत विहिरीचं काम करायला यायचा, तेव्हाची ओळख. त्याने बोलावलंय. दोन वर्षं हाताखाली शिकायचं, मग बघायचं. राहायची सोय आहे. नाताळ झाला की जावं म्हणतो.

"आणि लोबोंची खोली?"

लॅन्सीने कळ्यांचं सूप जवळ ओढलं.

"मी शब्द दिलाय," आपोलिनबाय म्हणाली.

म्हणाली, आणि तिची बोटं थांबली. बोटं कधी थांबत नसत. हेच शब्द तिने ट्रंकेच्या दिवशी म्हटले होते, याच पडवीत, याच पोराला. तेव्हा देवाच्या नावाने. आता त्याच्या भल्याच्या नावाने. नाव बदललं होतं, मूठ तीच होती. तिने लॅन्सीकडे पाहिलं. तो मान खाली घालून सुपातल्या कळ्या सारख्या करत होता, आठ वर्षं वर्गात मुकाट जाऊन बसणाऱ्या मुलासारखा. आता मी जाऊ नको म्हटलं तर हा नाही जाणार, तिला कळलं. दुकान काढेल, सरळ नाकाच्या मुलीशी लग्न करेल, रविवारी माझ्या शेजारी बसेल. आणि एक दिवस तिथेही त्याला बाजूला उभं राहून दुसऱ्याचा आवाज ऐकू येईल.

"तुला जायचंय?" तिने विचारलं. "हो किंवा नाही. हं नको."

"हो," लॅन्सी म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

त्या दिवशी फुलं एजंटाकडे अकराला पोचली. कारण आपोलिनबाय आधी लोबोंकडे गेली. लोबो दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. तिने उभ्या उभ्या सांगितलं, की खोली दुसऱ्या कुणाला द्या, मी शब्द परत घेते.

लोबोंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही?"

"मीच. चूक झाली. खोली माझ्यासाठी नव्हती आणि ज्याच्यासाठी होती त्याला मी विचारलं नव्हतं."

मग तिथून ती फेल्सीबायच्या बहिणीकडे गेली आणि तेच पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. आपोलिनबायने शब्द परत घेतला, ही बातमी लॅन्सी सेमिनरीतून परत आल्याच्या बातमीपेक्षा जास्त दिवस गावात चालली.

जानेवारीत तो गेला. सकाळी साडेसहाची बस, म्हणजे कळ्या खुडायची वेळ. ती ओळींमध्ये वाकलेली होती. तो बॅग खांद्याला लावून बागेत आला. मिठातल्या कैऱ्यांची बरणी फडक्यात गुंडाळून त्याच्या बॅगेत तिने आदल्या दिवशीच कोंबली होती, ती सांडणार नाही ना असं तो विचारत होता. उभी धरलीस तर नाही सांडणार, ती म्हणाली. त्याने वाकून बेसांव मागितला. तिने ओल्या हाताने दिला. स्टॉपवर येतेस का, असं त्याने विचारलं नाही आणि ती गेली नाही. बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा ती तिसऱ्या ओळीत होती. ती क्षणभर सरळ उभी राहिली. मग चौथी ओळ घेतली.

दोन वर्षांनी लॅन्सी स्वतंत्र काम करू लागला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याने पत्रातून कळवलं की तिथल्या इस्पितळातल्या सुगुणा नावाच्या नर्सशी लग्न करायचं म्हणतो. कन्नड बोलणारी, प्रोटेस्टंट. गावात बरंच बोलणं झालं. विगार फादरांनी कागदपत्रं करून दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला नारळाच्या दुधाने न्हाऊ घालायचा रोस आपोलिनबायने घरीच केला, नेहमीसारखाच थाटात, आणि त्याच्या डोक्यावर सगळ्यात आधी दूध ओतलं ते तिने.

काही वर्षांनी आयांच्या सभेत विगार फादरांनी तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. पाडुबेट्टूतल्या निम्म्या घरांतली मुलं तोवर आखातात, ऑस्ट्रेलियात, बंगलोरला गेली होती आणि आया मागे फोनकडे बघत बसल्या होत्या. आपोलिनबाय म्हणाली, मला उपदेश करता येत नाही, माझं काय चुकलं ते सांगते.

"आपण मुलांसाठी प्रार्थना करतो ती बहुतेक देवाला दिलेली यादी असते," ती म्हणाली. "याला हे दे, तिला ते दे, ह्याला इथे ठेव. मी वीस वर्षं एकच यादी देत होते. देवाने ती वाचली की नाही माहीत नाही, माझ्या पोराने वाचली. आता यादी देत नाही. नुसती नावं घेते. नाव घेतलं की पुढचं त्याला कळतं. तो काही नवखा नाही."

आणि बसली. फादरांना वाटलं होतं ती अजून बोलेल.

गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती पहिल्यांदा हासनला राहायला गेली. बाग चार दिवस फेल्सीबायच्या सुनेवर सोपवली. लॅन्सीचं घर छोटं, अंगणात पंपांचे सांगाडे, दारात दोन स्कूटर. नात तेरा वर्षांची, नातू नऊचा. आजीशी कोकणी बोलायला लाजायचे, मग ती त्यांच्याशी मोडकं कन्नड बोलायची आणि ते हसायचे. सुगुणा कामावरून थकून येई आणि भराभरा स्वयंपाक करी. डाळीत मीठ कमी असे. आपोलिनबाय हात मांडीवर ठेवून बसे. आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती चर्चला जायची साडी नेसून बाहेर आली तर लॅन्सी हत्यारांची पिशवी स्कूटरला बांधत होता. दहा मैलांवरच्या एका मळ्यात पाणी बंद झालं होतं, तिथे चाळीस मजूर कुटुंबं होती. त्याची मिस्सा, चर्चमधली रविवारची उपासना, चुकणार होती. तिच्या जिभेवर वाक्य आलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं. लॅन्सीने ते येताना पाहिलं आणि वाट पाहिली. त्याच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते.

"पाणी आधी बघ," ती म्हणाली. "जाताना मला चर्चपाशी सोड."

नात तिच्यासोबत आली. चर्च अनोळखी, पुढचे बाक भरलेले. आजी-नात सगळ्यात मागे, खांबाच्या आड बसल्या. तिने नावं घेतली. जुलियाना, हेराल्ड, लॅन्सी, सुगुणा, मुलं. मार्सेलचं घेतलं. भाषा तिला अर्धीच कळत होती, पण मिस्सा कुठे आहे ते कळत होतं.

चौथ्या दिवशी सुगुणाने रजा काढली होती. आणखी आठ दिवस राहा, ती म्हणाली, आत्ता कुठे तुम्ही जरा बसायला लागलात.

"राहिले तर तुझ्या डाळीत मीठ घालीन," आपोलिनबाय म्हणाली. "जाऊ दे मला."

सुगुणा हसली आणि तिने डबा बांधून दिला. दुपारच्या बसला खिडकीची जागा मिळाली. घाट उतरेपर्यंत तिने डबा उघडला नाही. मग भूक लागली तेव्हा उघडला. भात, डाळ आणि एका कागदाच्या पुडीत वेगळं मीठ होतं.